लॉट बदलला, शेड बदलली नाही

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखानदाराची झोप कशानं उडते? सुताच्या भावानं आणि विजेच्या बिलानं तर उडतेच. पण डाइंगहून आलेला सुताचा नवा लॉट जुन्या लॉटशेजारी ठेवला आणि शेड किंचित सरकलेली दिसली, की उरलीसुरली झोपही जाते. रंग तोच, कृती तीच, भट्टीवर उभा राहणारा माणूसही तोच. पाण्यातला क्षार, दोन-चार अंशांचं तापमान, पाच मिनिटांची घाई, यातलं काहीतरी आडवं येतं आणि गिऱ्हाईक अख्खी गाडी परत पाठवतं.

प्रकाश देणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या, म्हणजे क्वांटम डॉटच्या धंद्यातही हीच डोकेदुखी होती, आणि तिथली भट्टी फार नाजूक. कॅडमियम सेलेनाइडचा स्फटिक तीन नॅनोमीटरच्या आसपास असेल तर हिरवा उजळतो, पाच-सहाचा असेल तर तांबडा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रंग ठरतो तो आकारावर, आणि आकारात नॅनोमीटरच्या काही दशांशांचा फरक पडला तरी शेड हलते. या आकाराच्या जादूचा शोध आणि तिची शिस्तशीर कृती यासाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते रास्तच होतं, पण जादूची किंमतही होती. एका फ्लास्कमध्ये अब्जावधी स्फटिक जन्मतात आणि ते सगळे एका मापाचे निघत नाहीत. त्यामुळे रंग पसरट होतो, आणि पुढच्या घाण्यात तो आणखी थोडा सरकतो.

२०१५ साली पुण्याच्या पाषाणमधून एक शोधनिबंध बाहेर पडला. त्यातला हिरवा रंग घाण्यामागून घाणा एकाच जागी उभा होता. फरक पडलाच तर एक नॅनोमीटर इकडे किंवा तिकडे, तोही स्फटिकाच्या आकारात नव्हे, प्रकाशाच्या तरंगलांबीत. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी पाचशेच्या वर असते. तिथे एकाचा फरक कुठल्याही डोळ्याला दिसत नाही.

हा रंग देणारा पदार्थ मुळात नवा नव्हता, आणि मला या कथेतलं सगळ्यात गमतीचं वाटतं ते हेच. उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाचं वर्णन गुस्ताव्ह रोझ यांनी १८३९ मध्ये केलं आणि रशियन सरदार लेव्ह पेरोव्हस्की यांच्या नावावरून त्याला पेरोव्हस्काइट म्हटलं. ते कॅल्शियम आणि टायटॅनियमचं खनिज. पुढे त्याच धाटणीची अंतर्रचना असलेल्या सगळ्याच पदार्थांना ते कुळाचं नाव चिकटलं. सिझियम, शिसं आणि हॅलोजन यांची संयुगं होरेस वेल्स यांनी १८९३ मध्ये केली होती. १९५८ मध्ये डेन्मार्कच्या म्योलर यांनी त्यांची रचना पेरोव्हस्काइटची आहे हे दाखवलं आणि उजेड पडला की त्यांतून वीज जास्त वाहते हेही नोंदवलं. मग या संयुगांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पासष्टएक वर्षांत एकदा रचना कळली, तेवढ्यावरच गाडी थांबली होती.

दरम्यान जपानमध्ये एक ठिणगी उडाली. १९९४ मध्ये एरा, साइतो आणि सहकाऱ्यांनी थरांच्या पेरोव्हस्काइटपासून दिवा केला. तो झगझगीत हिरवा पेटला, पण द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला हा प्रकाश टिकत नसे. शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास पेटणाऱ्या दिव्याचं करायचं काय? विषय वीस वर्षं बाजूला पडला.

तो परत आला सौरघटांच्या मागच्या दारानं. २००९ मध्ये मियासाका यांच्या गटानं पेरोव्हस्काइट सौरघटात वापरून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०१२ नंतर तर या पदार्थानं सौरशास्त्रात धुमाकूळ घातला. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात, मुंबई आयआयटीत शिकलेले सुबोध म्हैसाळकर, नृपन मॅथ्यूज आणि सुम त्झे चियेन यांच्या गटांनी २०१४ मध्ये दाखवलं की याच सौरपदार्थाच्या फिल्मवर लेझरचा मारा केला तर ती स्वतःच लेझरसारखा प्रकाश देऊ लागते. खरं तर यात नवल नाही. उत्तम सौरघट व्हायचा असेल तर त्या पदार्थाला प्रकाश देणंही उत्तम जमलं पाहिजे. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट एकच असते आणि वाटेतले खड्डेही तेच असतात. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये झी-क्वांग टॅन, रिचर्ड फ्रेंड आणि मंडळींनी नेहमीच्या खोलीत पेटणारा पेरोव्हस्काइट एलईडी केला. अवरक्त प्रकाशात ०.७६ टक्के, हिरव्यात ०.१ टक्का.

हे टक्के कसले, ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी धावाधाव याच आकड्यासाठी आहे. दिव्यात शंभर इलेक्ट्रॉन सोडले आणि बाहेर वीस प्रकाशकण आले, तर कार्यक्षमता वीस टक्के. हिरव्यासाठी ०.१ टक्का म्हणजे हजार इलेक्ट्रॉन खर्ची घालून एक प्रकाशकण. पण दिवा पेटला होता, आणि तोही बर्फाच्या गाडीशिवाय.

२०१५ च्या जानेवारीत झुरिकहून बातमी आली. मॅक्सिम कोवालेन्को यांच्या गटानं म्योलर यांच्या त्या जुन्या संयुगांचे नॅनोस्फटिक केले होते. कृती अशी: तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये ऑक्टाडिसीन नावाचं तेलकट द्रावक, त्यात लेड ब्रोमाइड, ओलिक आम्ल आणि ओलेइलअमाइन. हवा काढून नायट्रोजन भरायचा, तापमान १४० ते २०० अंशांवर न्यायचं. मग सिझियम ओलिएटचं गरम द्रावण पिचकारीनं एका झटक्यात आत सोडायचं. पाच सेकंद मोजायचे आणि फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. स्फटिक वाढतात ते बहुतेक पहिल्या एक ते तीन सेकंदांतच. अतिनील दिवा धरला की द्रावण डोळे दिपवणारं हिरवं. ब्रोमीनच्या जागी क्लोरीन घातलं तर निळं, आयोडीन घातलं तर लाल, आणि मिश्रणानं मधल्या सगळ्या छटा. शंभर प्रकाशकण गिळून नव्वदपर्यंत परत देणारं हे द्रावण पाच सेकंदांत तयार होत होतं. कॅडमियमच्या स्फटिकांना इतकी चमक आणायची तर दुसऱ्या पदार्थाचं काळजीपूर्वक कवच चढवावं लागतं. इथे कवचाचा पत्ताच नव्हता.

पुण्यात, पाषाणच्या आयसर या संशोधनसंस्थेत अंगशुमन नाग यांनी ही गोष्ट लगेच उचलली, यामागे एक जुनी ओळख आहे. नाग आणि कोवालेन्को दोघांनीही शिकागोत दिमित्री तालापिन यांच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. २०११ च्या एका शोधनिबंधावर दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. त्या निबंधाचा विषय होता नॅनोस्फटिकांच्या अंगावरचे लांबलचक सेंद्रिय रेणू काढून त्या जागी छोटे अजैविक आयन बसवणं, म्हणजे स्फटिकांमधून वीज सुखानं वाहील. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे सगळी कथा याच दाराशी येऊन अडते.

नाग यांचा विद्यार्थी अभिषेक स्वर्णकार यानं सिझियम लेड ब्रोमाइडचे ११ नॅनोमीटरचे स्फटिक केले. मोजमाप सुरू झालं तसे जुने नियम एकेक करून लागू पडेनासे झाले. आकारात थोडा फरक असलेल्या स्फटिकांचा समूह पसरट रंग देतो, हे क्वांटम डॉटच्या दुनियेतलं पाठ्यपुस्तकी वाक्य. ते तपासायचा एकच खात्रीचा मार्ग असतो: समूह सोडा, एकच स्फटिक पकडा. ही करामत मुंबई आयआयटीत अरिंदम चौधुरी यांच्या गटाकडे होती. पवईतल्या सूक्ष्मदर्शकाखाली रम्या चुल्लीयिल आणि मंडळींनी एकेक स्फटिक वेगळा पाहिला आणि त्याच्या प्रकाशाची रुंदी मोजली. एकट्या स्फटिकाची रुंदी आणि अख्ख्या समूहाची रुंदी जवळपास सारखीच निघाली. म्हणजे आकारातल्या फरकाचा रंगाशी संबंधच उरला नव्हता.

कारण समजायला अवघड नाही. प्रकाशकण गिळला की स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी बनते. या जोडीला ऐसपैस बसायला काही जागा लागते, आणि या संयुगात ती सुमारे सात नॅनोमीटर. कॅडमियम सेलेनाइडमध्ये जोडीला हवी त्यापेक्षा खोली लहान असते. भिंती अंगावर येतात आणि भिंत जरा सरकली की ऊर्जा बदलते, रंग बदलतो. अकरा नॅनोमीटरच्या या स्फटिकात जोडीला भिंतच लागत नाही. खोली दहाची असो की बाराची, रंग तोच. रंग आता आकारावर नाही, क्लोरीन-ब्रोमीन-आयोडीनच्या प्रमाणावर ठरणार होता. मापात कुणाचा हात चुकू शकतो, रसायनाचं वजन मात्र तराजूवर करता येतं. माझ्या मते पुण्याच्या कामातला खरा शोध हाच आहे, चमक नव्हे. चमक झुरिकला आधीच दिसली होती.

याचे आणखी दोन फायदे निघाले. साध्या क्वांटम डॉटच्या गर्दीत लहान स्फटिकानं सोडलेला प्रकाश मोठा स्फटिक गिळतो आणि रंग तांबड्याकडे ढळतो. इथे तो प्रकार नगण्य. दुसरा फायदा सोलापूरकराला जास्त पटेल. तापमान २५ पासून १०० अंशांपर्यंत वाढवलं तरी रंगाचा शिखरबिंदू हलला नाही. मे महिन्यात ज्या गावात दुपारी ४२-४३ अंश ही बातमी नसते, तिथे बंद पेटीतल्या दिव्याचं तापमान किती चढतं हे सांगायला नको.

आणि लुकलुकणं. एकटा क्वांटम डॉट सूक्ष्मदर्शकाखाली सतत उजळत नाही, मध्येच विझतो, पुन्हा पेटतो. नव्वदच्या दशकापासून ही खोड सगळ्यांना छळत होती. पवईत पाहिलेल्या पेरोव्हस्काइट स्फटिकांपैकी सुमारे नव्वद टक्के स्फटिक ८५ टक्क्यांहून जास्त वेळ पेटलेलेच राहिले.

इतकं सगळं हाताशी आल्यावर एलईडी बनवायला उशीर कसला? त्याच वर्षी चीनमध्ये नानजिंगला हायबो झेंग यांच्या गटानं या नॅनोस्फटिकांचे पहिले एलईडी केले. हिरवा ०.१२ टक्के. नारिंगी ०.०९. निळा ०.०७.

आकडे पुन्हा वाचा. फ्लास्कमध्ये नव्वद टक्के देणारा पदार्थ दिव्यात गेल्यावर हजारातला एक देत होता. इथे मला नेहमी वाटतं की संशोधनाच्या गोष्टी सांगताना आपण चमकणाऱ्या बाटलीपाशीच थांबतो. टाळ्या तिथेच पडतात. या कथेतली खरी मेहनत बाटलीनंतरची आहे.

गडबड स्फटिकात नव्हती, त्याच्या अंगरख्यात होती. ओलिक आम्ल आणि ओलेइलअमाइन, दोन्हींची शेपटी अठरा कार्बनची. ओलिक आम्ल काही परकं नाही, आपल्या शेंगदाणा तेलात ते भरपूर असतं. स्फटिक एकमेकांना चिकटू नयेत, तेलात तरंगत राहावेत, म्हणून हे रेणू त्यांच्या अंगाला धरून उभे असतात. फ्लास्कमध्ये हे वरदान. पण दिव्यात इलेक्ट्रॉनला एका स्फटिकातून दुसऱ्यात उडी मारायची असते आणि मध्ये दोन्हीकडच्या तेलकट शेपट्यांची भिंत असते. वीज आत पोचतच नाही. जी पोचते ती भलत्या वाटेनं निघून जाते.

मग धुवून टाका की! कॅडमियमचे स्फटिक लोक वर्षानुवर्षं अल्कोहोलनं किंवा अॅसिटोननं धूत आले होते. पेरोव्हस्काइट मात्र मिठाच्या जातीचं, आयनांचं बनलेलं. ध्रुवीय द्रावक लागला की स्फटिकच विरघळतो, गोळा होतो किंवा रूप बदलतो. कमी धुवावं तर वीज शिरत नाही, जास्त धुवावं तर धुण्यासारखं काही उरत नाही.

सर्वात हट्टी होतं आयोडीनचं संयुग. लाल रंगासाठी तेच हवं. पण त्याचा काळा, प्रकाशाला उपयोगी अवतार मोठ्या स्वरूपात फक्त तीनशे अंशांच्या वर राहतो. थंड झाला की तो पिवळा पडतो आणि पिवळ्या अवताराला ना प्रकाश देता येत, ना वीज. शिसं आणि आयोडीनच्या पिंजऱ्यात सिझियम बसतं, पण पिंजऱ्याच्या मानानं ते छोटं पडतं. उष्णतेत पिंजरा थरथरत उभा राहतो, गारव्यात कोसळतो. या पिवळेपणाशी झगडणाऱ्यांत आपल्या भागातलंही एक नाव आहे. सोलापूर जिल्ह्यातली महाविद्यालयं २००४ पर्यंत ज्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली होती, तिथे कोल्हापुरात प्रा. पी. एस. पाटील यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले सावंता माळी दक्षिण कोरियात ग्वांगजूला गेले. ज्योती पाटील आणि चँग कुक हाँग यांच्यासह त्यांनी फिरत्या काचेवरच्या ओल्या फिल्मवर गरम हवेचा झोत सोडून, उघड्या हवेतच, अजैविक पेरोव्हस्काइटचे सौरघट बनवले. एरवी हे काम नायट्रोजन भरलेल्या बंद काचपेटीत हातमोजे घालून चालतं. २०२३ मध्ये याच गटानं सिझियम लेड आयोडाइडची दोन रूपं एकावर एक बसवून साडेएकवीस टक्क्यांच्या पुढची सौरकार्यक्षमता नोंदवली.

पण आपण २०१५-१६ मध्ये आहोत. अभिषेक स्वर्णकार पुण्याहून अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी पोचला होता, तिथल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत, जोसेफ ल्यूथर यांच्याकडे. प्रश्न असा होता: मोठा स्फटिक पिवळा पडतो, पण अगदी छोटा पडेल का? छोट्या स्फटिकात पृष्ठभागाचं वजन जास्त आणि पृष्ठभाग काळ्या रूपाला धरून ठेवू शकतो. अट एकच, धुलाईत तो टिकला पाहिजे. उत्तर सापडलं मिथाइल अॅसिटेटमध्ये. फळासारख्या वासाचा हा साधा एस्टर. त्यानं उरलेली कच्ची रसायनं निघून गेली आणि स्फटिक एकमेकांत मिसळले नाहीत. थर पसरायचा, मिथाइल अॅसिटेटमध्ये शिशाचा क्षार घेऊन त्यात बुडवायचा, पुन्हा थर, पुन्हा बुडवणं. ३.४ ते १२.५ नॅनोमीटरचे स्फटिक काळे राहिले, उघड्या हवेत महिनोन् महिने.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सायन्स नियतकालिकात हे छापून आलं. सौरघटाची कार्यक्षमता १०.७७ टक्के, व्होल्टेज १.२३. बातम्या या आकड्यांच्या झाल्या. गोषवाऱ्याच्या शेवटी मात्र एक वाक्य होतं ज्याकडे आमच्यासारख्या दिव्यावाल्यांनी आधी पाहायला हवं: तोच घट, उलट वीज दिली की, कमी व्होल्टेजवर एलईडी म्हणून पेटत होता. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट एकच असल्याचा हा धडधडीत पुरावा होता. शेपट्यांची भिंत खाली आली होती आणि विजेची ये-जा दोन्ही दिशांनी सुरू झाली होती.

त्याच वर्षी पुण्यातून आणखी दोन निबंध आले. पंकज मंडल यांच्या गटानं टेराहर्ट्झ किरणांनी स्फटिकाच्या आत विजेचे वाहक किती मोकळे धावतात ते मोजलं. आत वाट मोकळी होती, अडथळा फक्त उंबऱ्यावर होता. विकाश रवी, गणेश मरकड आणि नाग यांनी क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनच्या तिन्ही स्फटिकांत इलेक्ट्रॉनची पायरी नेमकी किती उंचीवर आहे ते विद्युत-रसायनानं शोधलं. हे दुसरं काम ऐकायला रूक्ष वाटतं. पण दिव्यात पेरोव्हस्काइटच्या अलीकडे कुठला थर ठेवायचा आणि पलीकडे कुठला, हे ही उंची कळल्याशिवाय ठरत नाही. पायऱ्या जुळल्या नाहीत तर इलेक्ट्रॉन एकीकडे तुंबतात आणि रिकाम्या जागा दुसरीकडे.

आता शर्यत धुलाईची होती. सौदी अरेबियात ओस्मान बाक्र यांच्या गटानं लांब शेपट्या काढून छोट्या शेपट्यांचं संयुग बसवलं आणि हिरवा तीन टक्क्यांवर नेला. केंब्रिजमध्ये लाल दिवा ५.७ टक्क्यांवर पोचला. नानजिंगच्या मंडळींनी २०१७ मध्ये हेक्झेन आणि इथाइल अॅसिटेटच्या मिश्रणानं स्फटिक धुतले, किती वेळा धुवायचं याचा हिशेब बसवला, आणि ०.१२ चे ६.२७ टक्के केले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच पन्नासपट असा शब्द आहे. पदार्थ तोच, रंग तोच. बदलली फक्त अंगावरच्या तेलकट रेणूंची दाटी. ती पूर्ण गेली की स्फटिक उघडा पडून चमक हरवतो, पूर्ण राहिली की वीज अडते. मधला नेमका बिंदू शोधणं म्हणजेच पन्नासपट.

नॅनोस्फटिकांऐवजी फिल्म वापरणाऱ्या दिव्यांवरही काम चालू होतं. दक्षिण कोरियाच्या ते-वू ली यांनी २०१५ मध्येच ८.५३ टक्के गाठले होते. फिल्ममध्ये मोकळं धातुरूप शिसं उरतं आणि ते प्रकाश मारतं, हे ओळखून त्यांनी ब्रोमाइडचा क्षार मुद्दाम जास्त घातला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये नेचरच्या एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर, वीस टक्क्यांची भिंत दोन गटांनी ओलांडली. हिरव्यात २०.३ टक्के, अवरक्तात २०.७. महिनाभरात जपानच्या यामागाता विद्यापीठातून ताकायुकी चिबा आणि जुन्जी किडो यांनी लालमध्ये २१.३ टक्के दाखवले. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी आधी हिरवे ब्रोमाइडचे स्फटिक केले, मग आयोडाइडचा क्षार मिसळला. आयोडीन आत शिरलं, ब्रोमीन बाहेर पडलं, स्फटिकाचा सांगाडा न मोडता हिरव्याचा लाल झाला.

अवरक्तातला तो २०.७ टक्क्यांचा, नानजिंगचा दिवा वेगळ्या वाटेनं जिंकला. पेरोव्हस्काइट दाट पदार्थ आहे. त्यात जन्मलेला बराचसा प्रकाश पृष्ठभागावर आपटून आतच परततो आणि आडवा फिरत विरून जातो. म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे प्रकाशकण बनला तरी सपाट दिव्यातून बाहेर पडतो त्यातला थोडाच. जियानपू वांग यांच्या गटानं द्रावणात एक अमिनो आम्ल घातलं. फिल्म सलग न बनता सूक्ष्म पाट्यांत तुटली, आणि त्या तुटक्या कडांवरून अडकलेला प्रकाश बाहेर फेकला गेला. कारागिरीत ज्याला आपण दोष म्हणून फेकून दिलं असतं, त्यानंच काम केलं. २०२२ मध्ये ली यांच्या गटानं स्फटिकांना जागेवरच फॉस्फोनिक आम्लाचं कवच चढवून हिरव्यात २८.९ टक्के गाठले, चौरस मीटरला सुमारे ४,७०,००० कँडेला इतकी झगमग. मोबाइलचा पडदा उन्हात हजार-दोन हजारांवर चालतो. २०२४ मध्ये अवरक्त दिवा ३२ टक्क्यांवर गेला. केंब्रिजच्या ०.७६ पासून दहा वर्षं.

मग दुकानात का दिसत नाही? एक, निळा. पुण्याच्याच एका निबंधाचा सूर असा होता की हिरवा अव्वल, निळा बेताचा. आकार लहान करून निळा आणायचा तर पुन्हा भिंती अंगावर येतात, शेडचं जुनं दुखणं परत येतं आणि चमकही घटते. क्लोरीन मिसळून आणायचा तर दुसरंच भूत उठतं. या स्फटिकात हॅलोजन जागेवर बसत नाहीत, म्हणून तर चिबांना हिरव्याचा लाल करता आला. पण दिवा पेटल्यावर तेच आयन पुन्हा चालू लागतात. क्लोरीन एकीकडे, ब्रोमीन दुसरीकडे, आणि निळा डोळ्यांदेखत हिरव्याकडे ढळतो. मिश्र पेरोव्हस्काइटमध्ये उजेडानं होणारी ही फाटाफूट एरिक होक यांनी २०१५ मध्ये दाखवली. तिचा सविस्तर माग काढणाऱ्यांत अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचे प्रशांत कामत आहेत, मुंबई विद्यापीठाचे पीएचडी. सहज बनणं आणि सहज बिघडणं या पदार्थात एकाच गुणातून येतं, त्यामुळे एक काढून दुसरं ठेवता येत नाही. आयनांना जागेवर रोखण्याचेच आता सगळे उपाय चालले आहेत.

दोन, आयुष्य. २०२२ च्या त्या विक्रमी दिव्याची चमक चौरस मीटरला १०,००० कँडेलापासून निम्म्यावर यायला चौदा तास लागले. मंद, शंभर कँडेलावर चालवला तर तीस हजार तास टिकेल, हा त्यावरून काढलेला अंदाज आहे. अंदाज आणि अनुभव यांत काचेच्या पेटीबाहेरचा दमटपणा उभा असतो.

आणि शिसं. एका दिव्यात पेरोव्हस्काइटचा थर काही दहा ते काही शे नॅनोमीटर जाड, म्हणजे एकूण शिसं अत्यल्प. तरी युरोपातल्या नियमानं विजेच्या वस्तूंच्या कुठल्याही एकसंध भागात वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त शिसं चालत नाही, आणि मोजणी त्या भागापुरती होते, अख्ख्या वस्तूची नाही. पातळ असल्याची सबब तिथे पुरत नाही. शिशाऐवजी कथिल घालून पाहिलं, ते हवेत ऑक्सिडाइझ होतं. पुण्यात नाग यांच्या गटानं चांदी आणि इंडियम वापरलेलं सिझियमचं दुहेरी पेरोव्हस्काइट घेतलं आणि त्यात बिस्मथबरोबर कधी यटर्बियम, कधी एर्बियम मिसळलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात बिस्मथ अतिनील प्रकाश गिळतो आणि ऊर्जा शेजाऱ्याला देतो. शेजारी एर्बियम असेल तर प्रकाश १५४० नॅनोमीटरच्या आसपास निघतो. हा डोळ्यांना दिसत नाही, पण आपले फोन आणि इंटरनेट ऑप्टिकल फायबरमधून लांबवर धावतात ते याच पट्ट्यात.